ऐकावयाची वंशावळ



आरंभीच आपणांस एक प्रश्न विचारतो. आपल्या पणजोबांचे नाव काय? बहुतेकांस ते सांगता येईल. आता पणजीचे नाव सांगा. येथे निम्मे लोक घुटमळतील. आणि तिचे माहेरचे नाव कोणते व माहेर कोणत्या गावी, असे विचारले तर या मंडपात एखाददुसराच हात वर होईल. वास्तविक पणजोबा आणि पणजी ही दोघेही आपल्यापासून सारख्याच अंतरावर उभी आहेत. मग एकाची आठवण टिकावी आणि दुसरीची पुसली जावी, असे का होते? आजचा विषय या प्रश्नातूनच निघतो. कुळाचा इतिहास कसा टिकतो, कोठे तुटतो, आणि हल्ली 'पॉडकास्ट' या नावाने जी ध्वनिमुद्रित कथनमाला लोक घरीदारी ऐकतात तिचा या कामी कितपत उपयोग आहे, याचा विचार आपण अर्नाळ्याचे उदाहरण समोर ठेवून करू.

प्रथम स्मरणाची रीत पाहू. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पुरुषांचा उच्चार होतो. लग्नात कन्यादानाच्या वेळी वराची ओळख करून देताना अमक्याचा प्रपौत्र, अमक्याचा पौत्र, अमक्याचा पुत्र अशी तीनच पायऱ्यांची शिडी लावतात. नवी पिढी खालून चढली की सर्वांत वरचे नाव गळून पडते. म्हणजे आपल्या विधींनी स्मरणाची व्यवस्था केली ती तीन पिढ्यांपुरती. स्त्रियांचाही उच्चार विधीत आहे. परंतु तो सासरच्या नावाने. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल ज्या घरांत होती तेथे तिचे पहिले नाव त्याच दिवशी उंबरठ्याबाहेर राहिले. पणजीच्या नावापाशी आपण अडखळतो त्याचे कारण आपली विसरभोळी वृत्ती नव्हे. ते नाव आपल्यापर्यंत पोचविण्याची व्यवस्थाच नव्हती.

याची दुसरी बाजू अंकगणिताची आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती 1739 साली. त्यास आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. एका पिढीस अठ्ठावीस वर्षे धरली तर मध्ये सुमारे दहा पिढ्या होतात. आपले आईबाप दोन, आजीआजोबा मिळून चार, त्यांच्यावर आठ, असे दुप्पट करीत गेले तर दहाव्या पिढीत 1,024 पूर्वज येतात, आणि दहाही पिढ्यांची बेरीज 2,046 होते. घराण्याच्या परंपरागत वंशावळीत यांतले किती असतात? प्रत्येक पिढीतला एक पुरुष, म्हणजे दहा. उरलेली 2,036 माणसे त्या कागदावर नाहीत. अर्थात ही सगळी वेगवेगळी माणसे नव्हेत. लहान मुलखात सोयरिकी जवळपासच होतात, त्यामुळे तीच माणसे अनेक वाटांनी आपली पूर्वज ठरतात. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या एका टापूत आणि एकमेकांत सोयरीक करीत राहिली, त्यांच्या वंशावळी वर जाता जाता एकमेकींत गुंतलेल्या सापडतात. हा हिशेब मनात ठेवला म्हणजे कुलाभिमानाचा ताठा पुष्कळ उतरतो.

तीन पिढ्यांच्या पलीकडचे स्मरण पूर्वी कोण ठेवीत असे? ते काम धंदा म्हणून करणारी माणसे होती. दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगावकडे हेळवी येतो. तो दारात उभा राहून त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवितो, नवी जन्मलेली मुले आपल्या यादीत घालतो आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. उत्तरेकडे भाटांनी हेच केले. नाशिक-त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत; तेथे यात्रेकरू आपले गाव, आपले नाव, वाडवडिलांची व बरोबरच्या मंडळींची नावे लिहून देतो, आणि पन्नास वर्षांनी त्याचा नातू गेला तर उपाध्याय ते पान काढून दाखवितो. हेळव्याची विद्या मुखाची, उपाध्यायाची लेखणीची. दोघांचे काम एकच.

आपल्या या किनाऱ्यापुरते बोलायचे तर याहून मोठा दाखला हाताशी आहे. 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी संपादून 1924 साली प्रसिद्ध केली. तिच्यातील जुना भाग शके 1370 चा, म्हणजे इ. स. 1448 चा आहे, आणि तो केशवाचार्यांच्या नावावर आहे. उत्तर कोकणातील कुळे कोणती, ती कोणाबरोबर आली, त्यांचे वंश व गोत्रे कोणती, याचे कथन त्यात आहे. परधर्मी सत्तेखाली लोक आपले कुळाचार विसरू लागले, तेव्हा चार माणसे जमवून त्यांना त्यांचाच इतिहास ऐकवावा, असा तो प्रसंग आहे. राजवाड्यांनी बखर छापली म्हणून आपण ती वाचतो. परंतु मुळात ती जमलेल्या माणसांपुढे सांगण्याची गोष्ट होती. व्याख्यानमाला म्हणा, पॉडकास्ट म्हणा, त्याची जात या मुलखास अपरिचित नाही.

मुखाबरोबर कागदही आला. युरोपात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणे प्रत्येक धर्मग्रामास बंधनकारक केले. वसईचा टापू तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे ती पद्धत येथील चर्चमध्येही आली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाबरोबर आईबाप आणि धर्ममातापिता यांची नावे येतात. त्यामुळे आईचे नाव नोंदविण्याच्या बाबतीत ही वही आपल्या अनेक वंशावळींच्या पुढे आहे. दख्खनमध्ये 1852 च्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपला हक्क शाबीत करण्यासाठी कैफियती व वंशावळी द्याव्या लागल्या. पुढे विसाव्या शतकात कित्येक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. घरोघर पत्रे पाठवून, वर्गणी गोळा करून केलेले ते काम चिकाटीचे होते. सामान्य माणसासाठी मात्र शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर, तलाठ्याकडील फेरफार, आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची वही, हेच खरे कुलवृत्तांत होत. अर्नाळ्याच्या माणसाने शोध घेताना एक ध्यानात ठेवावे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्यापूर्वीचे कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाने शोधावे लागतात, आणि फार जुने असले तर ते मोडीत असतात.

हे सारे हौसेखातर करावयाचे काम आहे, असे कोणास वाटेल. तसे ते नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी वंशावळ शपथेवर द्यावी लागते, आणि पुरावा ठराविक तारखेच्या आधीचा असावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी ती तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्यास शाळेची नोंद मिळते. ज्याचा आजोबा वयाच्या आठव्या वर्षी होडीत बसला त्याने काय दाखवावे? मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती 2023 साली नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्या महाराष्ट्रास एकाएकी कळून आली. पणजोबाचे नाव कोणत्या गावी, कोणत्या आडनावाने, कोणत्या धंद्याखाली लिहिले गेले, हे घरातील वृद्धास विचारल्यावाचून दप्तरात काय शोधावे हेच कळत नाही. तोंडी माहिती पुरावा म्हणून कमी पडेल. पुराव्याकडे जाण्याची वाट मात्र तीच दाखविते.

आता पॉडकास्ट म्हणजे काय ते पाहू. हा शब्द फेब्रुवारी 2004 मध्ये लंडनच्या 'गार्डियन' पत्रात बेन हॅमर्स्ली या लेखकाने सुचविला. 'आयपॉड' हे गाणी ऐकण्याचे खिशातले यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रक्षेपण, यांचा तो जोड आहे. यामागची युक्ती साधी आहे. बोलणारा आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवरील एका ठिकाणी ठेवतो आणि सोबत एक यादी ठेवतो: अमुक भाग, अमुक तारीख, अमुक विषय. ऐकणाऱ्याच्या फोनमधील योजना ती यादी अधूनमधून तपासते आणि नवा भाग आला की आणून देते. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. तेव्हापासून आपण रेडिओ ऐकतो, पण रेडिओचे घड्याळ दुसऱ्याच्या हाती असते. कार्यक्रम आठाला असेल तर आठाला बसावे लागते, आणि एका घराण्याच्या गोष्टीसाठी कोणी केंद्र अर्धा तास देणार नाही. पॉडकास्टला असे बंधन नाही. दहा माणसांसाठी केलेला भागही दहा वर्षे तेथे राहू शकतो. खर्च म्हणाल तर बोलण्यास पुरेल अशा साध्या प्रतीचे एका तासाचे मुद्रण सुमारे तीस मेगाबाइटमध्ये मावते. लग्नातील चारदोन चित्रफितींस याहून अधिक जागा लागते.

अमेरिकेत जॉर्ज मॉर्गन व ड्र्यू स्मिथ यांनी वंशशोधनावरील पॉडकास्ट 2005 मध्येच सुरू केला. अशा मालिकांत जनगणनेची पाने कशी वाचावी, जहाजांच्या उतारूयाद्या कोठे मिळतात, एका नावाची दोन माणसे कशी वेगळी करावी, अशा गोष्टी शिकवितात. दुसरा प्रकार याहून आपल्या कामाचा आहे. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात 2003 मध्ये 'स्टोरीकोर' या उपक्रमाची पहिली खोली उघडली. या उपक्रमात नातू आजीस किंवा मुलगी बापास घेऊन येते, चाळीस मिनिटे प्रश्न विचारते, आणि ते संभाषण वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातील लोकजीवनाच्या संग्रहात जाते. त्यात कोणी मोठा माणूस लागत नाही. विचारणारा घरचा असतो, सांगणाराही घरचाच.

आपल्याकडेही याचे मोठे काम झाले आहे. त्याचे नाव मात्र निराळे. गी पॉयट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज त्या इंटरनेटवर ऐकावयास मिळतात. ओवीत बाई बापाचे, भावाचे, गावाचे नाव घेते. वंशावळीच्या कागदाने जिला वगळले तिने आपली वंशावळ पहाटेच्या अंधारात गाऊन ठेवली होती. ती ऐकणारा कोणी हवा होता.

आता अर्नाळ्याकडे येऊ. वैतरणेच्या मुखाशी बेटावर जो किल्ला आहे तो मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून घेऊन नव्याने बांधला. त्याच्या दरवाज्यावर शिलालेख आहे. त्यात बाजीरावांचे नाव आहे, आणि ज्यास जंजिरा बांधण्याची आज्ञा झाली त्या शंकराचे नाव आहे. आता तर भारतीय नौदलाच्या एका युद्धनौकेसही या किल्ल्याचे नाव मिळाले. 'अर्नाळा' ही नौका 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. परंतु ज्यांनी खाडीतून दगड वाहून आणले, चुना मळला, होड्या वल्हविल्या, त्यांची नावे दगडावर नाहीत. त्यांचे वंशज असतील तर ते याच पट्ट्यात असतील. कोळी, मांगेले, वैती, भंडारी, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती अशी नाना कुळे वसईच्या या किनाऱ्यावर राहतात, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. सामवेदी लोकांची कादोडी वेगळी, वाडवळी वेगळी, कोळ्यांची वेगळी.

येथेच आवाजाचे महत्त्व कळते. कागदावर 'आई' असे एकच अक्षर पडते. तोंडातून ते प्रत्येक आळीत निराळे येते. माशांची नावे, वाऱ्यांची नावे, भरती-ओहोटीच्या घटका, डोल जाळ्यासाठी समुद्रात खुंट रोवण्याची जी जागा, जिला कव म्हणतात, ती कोणाच्या वडिलांनी कोठे धरली, या गोष्टी लिहिलेल्या नसतात. त्या बोलीत असतात. कवीवरून किनाऱ्यावरच्या गावागावांत तंटे होतात, तेव्हा वृद्धाची आठवणच पुढे येते. आणि बेटाची जमीन समुद्र दर पावसाळ्यात खात आहे. घर पडले की उंबरठ्याबरोबर त्या घराचा पत्ता जातो. मुले विरारला, नालासोपाऱ्याला राहावयास जातात आणि शहरी मराठी बोलू लागतात. शब्द गेल्यावर त्या शब्दांत साठविलेले नातेही कळेनासे होते.

परंतु आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ॲलेक्स हेली या अमेरिकी लेखकाचा 'रूट्स' हा ग्रंथ 1976 मध्ये निघाला आणि जगभर गाजला. आजीच्या तोंडून ऐकलेल्या चार शब्दांच्या आधारे तो आफ्रिकेतील गांबियापर्यंत पोचला, आणि जुफुरे या गावी एका वृद्ध कथेकऱ्याने त्यास त्याच्या पूर्वजाचे, कुंटा किंटेचे, नाव सांगितले. पुढे संशोधकांनी तपास केला तेव्हा दिसून आले की हेली काय शोधत आहे हे तेथे आधीच ठाऊक होते, आणि त्या कथेकऱ्याची हकीकत भरवशाची नव्हती. सांगणारा लबाड असतो असे नाही. पाहुण्याला जे हवे ते देण्याची माणसाला आवड असते. आपला हेळवीही दक्षिणा देणाऱ्याच्या वंशात एखादा राजा आणून बसवीत नसेल, असे मी छातीला हात लावून सांगणार नाही.

म्हणून ऐकलेल्या गोष्टीस तीन चाळण्या लावाव्या. पहिली, तीच हकीकत दुसऱ्या वृद्धास स्वतंत्रपणे विचारावी. पहिल्याचे उत्तर त्यास सांगू नये. दुसरी, एखादी तरी गोष्ट कागदाशी ताडून पाहावी. तिसरी अंकगणिताची. 'आमच्या पणजोबांनी चिमाजी अप्पांची होडी वल्हविली' असे कोणी म्हणाले तर दहा पिढ्यांचा हिशेब आठवावा. सालाची आठवण नसेल तर मोठ्या घटनेशी सांगड घालावी. मानमोडीची साथ 1918 ची, मुंबईच्या गोदीतील स्फोट 14 एप्रिल 1944 चा, मोठे वादळ नोव्हेंबर 1948 चे. 'तुमचं लग्न वादळाच्या आधी की मागून?' असे आजीस विचारले की साल आपोआप सापडते. तिने ते वादळ स्वतः पाहिले नसेल, तर तिच्या आईच्या लग्नाविषयी हाच प्रश्न विचारावा.

विचारण्याचीही एक रीत आहे. 'तुमचा इतिहास सांगा' असे म्हटले तर माणूस गप्प होतो. 'माहेरी तुम्हांला काय हाक मारत?' असे विचारावे, म्हणजे बदललेल्या नावामागचे पहिले नाव बाहेर येते. मग घरात चूल कोणत्या बाजूस होती, पहिली होडी कोणाची, तिचे नाव काय, आईला कोणी आणले, कोणत्या गावाहून आणले, असे विचारीत जावे. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद करावा, फोन जवळ ठेवावा, किनाऱ्यावर असाल तर वाऱ्याकडे पाठ करून बसावे. आरंभी तारीख, स्थळ व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. वीस वर्षांनी फाइलवरचे नाव पुसलेले असेल, आवाजातले राहील. एक प्रत फोनमध्ये, दुसरी दुसऱ्या यंत्रावर आणि तिसरी निराळ्या घरी ठेवावी. बेटावर राहणाऱ्यांस याचे कारण सांगावयास नको.

आणि जगास काय ऐकवावे याचा विवेक ठेवावा. मुद्रण करणे निराळे, प्रसिद्ध करणे निराळे. दत्तक, दुसरे लग्न, सोडलेली बायको, फेडलेले व न फेडलेले कर्ज, या गोष्टी प्रत्येक घरात असतात. त्या जतन कराव्या. पण सांगणाऱ्याच्या संमतीवाचून बाहेर देऊ नयेत. हयात माणसांची नावे, जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव तर मुळीच देऊ नये. कित्येक बँका ओळख पटविण्यासाठी तेच विचारतात. आणखी एक सावधगिरी हवी. वंशावळीचा उपयोग आपण कोण आहो हे समजण्यासाठी करावा. शेजारी कोण नाही हे सिद्ध करण्यासाठी करू नये. वर सांगितलेले 2,046 पूर्वज आठवले तर तो मोह होणार नाही.

माझे स्वतःचे एक सांगून थांबतो. माझी आजी सर्वपित्रीच्या दिवशी स्वयंपाक करता करता गेलेल्या बायकांची नावे घेत असे. भट पुरुषांची नावे बाहेर घेत, ही स्वयंपाकघरात बायकांची घेई: कोण आगाशीची, कोण केळव्याची, कोण बाळंतपणात गेली, कोणाच्या हातची सुकेळी कशी गोड होत. ती यादी लांब होती. पातेले उतरेपर्यंत संपत नसे. मी ती दर वर्षी ऐकली, आणि पुढल्या वर्षी पुन्हा ऐकावयास मिळणारच म्हणून कधी लिहून घेतली नाही. आज त्यांतली तीन नावे मजजवळ आहेत. तीन म्हणजे शिडीच्या पायऱ्यांइतकीच.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून कोणी असे सांगणारे आहे, त्यांनी हे व्याख्यान कसे झाले याची चर्चा उद्यावर टाकावी. आज घरी जाऊन त्यांच्याजवळ बसावे आणि पणजीचे माहेर विचारावे.